सोळा इंची कडं

कामाचा प्रकार : टाकीत उतरून सफाई

पिवळ्या कागदावर एवढंच लिहायचं असतं. आत उतरण्याचा परवाना म्हणतात त्या कागदाला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जिथं जिथं रसायनं शिजतात, तिथं दोन पुरुष उंचीच्या बंद टाक्या असतात. आत काहीबाही शिजतं, कडेला खरपुडी धरते, आणि ती खरवडून काढायला माणूस आत सोडावा लागतो. टाकीच्या माथ्यावर तोंड असतं. जुन्या टाक्यांचं तोंड सोळा इंच. माणूस त्यातून आधी पाय सोडतो, मग कंबर, मग हात वर करून छाती, आणि दिसेनासा होतो.

कुंभवलीचा कमलेश हे काम सतरा वर्षं करत होता. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तो कड्यात अडकला.

कडं म्हणजे ठेकेदार रामकिसनच्या शेडमधलं. भंगारात निघालेल्या टाकीचं तोंड कापून त्याने ते तीन पायांवर वेल्ड करून घेतलं होतं, छातीइतक्या उंचीवर. कामावर जाण्याआधी आत उतरणाऱ्याने त्यातून वरून खाली उतरून दाखवायचं, कपड्यांसकट, कंबरेच्या पट्ट्यासकट. टाकीत अडकण्यापेक्षा शेडमध्ये अडकलेलं बरं. रामकिसनचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता.

"काटा झूठ बोलता है," तो म्हणायचा. "कडा नहीं बोलता."

कमलेशचे पाय उतरले, मांड्या उतरल्या. कंबरेला कडं बसलं ते मापून घेतल्यासारखं. हात वर करून तो तसाच उभा राहिला.

"घ्या, बाटलीला बूच बसलं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. कमलेशही हसला, कारण सगळे हसत होते. दोघांनी काखेत हात घालून त्याला वर उपसला.

"आजसे तू दोर पे," रामकिसन म्हणाला.

दोरावर म्हणजे बाहेर. आतल्या माणसाच्या पट्ट्याला बांधलेला दोर धरून टाकीच्या तोंडाशी बसायचं. दर दोन मिनिटांनी एकदा ओढायचा. आतून एकदा उलट ओढ आली की ठीक.

कमलेशला वाईट वाटलं का? घरी जाताना त्याने ते शोधून पाहिलं. सापडलं नाही.

टाकीत याआधी काय होतं :

गूळ.

बाहेर आलेल्या माणसाला गूळ मिळतो. हा नियम कुठल्या कागदावर नाही, पण वसाहतीत जिथं भुकटी उडते तिथं तो असतो. घशातली धूळ उतरते म्हणतात. काम संपलं की रामकिसन डबा उघडून आतल्याला, दोरावरच्याला आणि हवेचा पंखा सांभाळणाऱ्याला लिंबाएवढा एकेक खडा देतो.

पाच वर्षांपूर्वी कमलेशचं नाक गेलं. एका दिवसात नाही. आधी रॉकेल गेलं, मग अगरबत्ती, मग एके दिवशी बायको मोनाली दारातूनच ओरडली, "अवो, दूध करपलं ना! शेजारी बसून काय करताय?" त्याला धूर दिसत होता. वास नव्हता. मग जिभेचंही तेच झालं. तिखट नुसतं चुरचुरायचं. आंबटाने दात आंबायचे, तेवढंच. एक गोड तेवढं पोचायचं. लांबून कुणी हाक मारावी तसं, पण पोचायचं.

मग तो गोड खाऊ लागला. चहात चार चमचे. बोईसर स्टेशनबाहेर उभ्याने जिलेबी. लेकाच्या शाळेत वाटलेले पेढे लेकाच्या आधी. संध्याकाळी चार वाजता अंगातून काहीतरी सरकत यायचं, हात आपसूक डब्याकडे जायचे. साडेतीन वर्षांत छत्तीसची पँट बेचाळीसची झाली.

"जिभेवर मुंग्या पाळल्यात काय तुमी?" मोनाली विचारायची.

बोईसरच्या डॉक्टरणीने रक्त तपासून सांगितलं होतं की साखर काठावर आहे, दहा किलो उतरवा. त्याने मान हलवली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायला. कड्याने मात्र त्याला चार बोटांचं माप दिलं. एवढं उतरलं की आत.

आत कशाला जायचंय, हे तेव्हा त्याला सांगता आलं नसतं. सतरा वर्षं तो आत जात होता, एवढंच.

वास : येतो / येत नाही (एकावर खूण करा)

आत उतरणाऱ्याचं नाक शाबूत आहे ना, हे यात विचारलेलं असतं. 'येतो'वर खूण करायची. कमलेश पाच वर्षं तीच करत होता. हवा मोजायचं यंत्र असतंच, नाकाला कोण विचारतो.

तो अडकल्यावर देवू आत जाऊ लागला. देवू दातिवऱ्याचा, सुक्या बोंबलासारखा. पंख्यावर प्रदीप होता, कमलेशच्या धाकट्या बहिणीचा, सपनाचा नवरा. कोळगावहून मोटरसायकलवर यायचा. अठ्ठावीस वर्षांचा, शिडशिडीत. घरी तो जावई, त्याला अहो-जाहो. कामावर अरे-तुरे, कारण तिथं दोर ओढताना 'अहो' म्हणायला वेळ नसतो.

मार्चात एकदा दुपारी जेवायला बसले. सपनाचा डबा अजून पिशवीतच होता. प्रदीपने पिशवीकडे नाक केलं.

"सुकट हाय. कैरी घातलीय आज. आनि खाली ना, दादा, भाकरीला थोडी राख लागलीय चुलीची."

कमलेशने डबा उघडला. सुकट, त्यात कैरीच्या फोडी. भाकरी उलटली. कडेला राख.

"कुत्र्याचं नाक हाय तुजं," तो म्हणाला.

"सपना पन हेच म्हनते." प्रदीप हसला. "तिला पाचवा लागला ना, आता तिलापन सगल्याचा वास येतो. आमी दोघं घरात नाक वर करून फिरतो."

कमलेशने भाकरी मोडली. घास गरम होता आणि ओला होता. त्याच्या मनात आलं ते इतकंच, की हा आत गेला तर याचंही रॉकेल जाईल, मग अगरबत्ती. क्रमसुद्धा तोच राहील कदाचित. पोराच्या डोक्याचा वास त्याला येईल न येईल.

तेही त्याने असं पाहिलं, जसं लांबच्या रस्त्यावरून जाणारं वाहन पाहावं.

खबरदारीचे उपाय :

चहा कोरा. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, मग थांबलं.

चार वाजता लवंग. लवंग नुसती टोचायची. मग मूठभर चणे. मग पाणी, तांब्याभर, एका दमात. मग चालणं. कुंभवलीहून वसाहतीपर्यंत सायकल सोडून पायी, जाताना आणि येताना.

मिठाईच्या दुकानाच्या बाजूने न जाता पलीकडच्या पट्टीने. पलीकडे उघडं गटार होतं. त्याला काय फरक.

दात घासणं. डॉक्टरणीनेच सांगितलं होतं की गोडाची हुक्की आली की दात घासा, तोंड स्वच्छ असलं की खावंसं वाटत नाही. तो दिवसाला चारदा, पाचदा घासू लागला. नवव्या दिवशी मोनालीने रिकामी नळी त्याच्यासमोर धरली.

"ही घासली का खाल्ली?"

त्याने नळी हातात घेऊन पिळून पाहिली.

"खरं सांगा."

"गोड लागते ती."

मोनालीने त्याच्याकडे पाहिलं. हसू येत होतं, ते तिने आवरलं. दुसऱ्या दिवशी तिने काळं मंजन आणलं, साखरेचा डबा शेजारच्या सुलूकडे ठेवला, आणि सुलूला बजावलं की हा माणूस मागायला आला तर हाकलून दे. तो दोनदा गेला. सुलूने दोनदा हाकललं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "भाऊ, लाज नाय वाटत?" त्याने खरंच विचार केला. वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं, फक्त चार वाजले होते.

राहिला गूळ. दोरावरच्यालाही गूळ मिळतोच. तो खाववत नव्हता आणि फेकवतही नव्हता, अन्न आहे. त्याने तो प्रदीपच्या हातावर ठेवला.

"घे."

"तुमाला नको?"

"सोडलंय."

प्रदीपने दोन्ही खडे गालात धरले, एक इकडे, एक तिकडे. त्याचं चघळणं कमलेश शेवटपर्यंत बघत बसला. मग हे रोजचंच झालं.

बाहेर थांबणाऱ्याचं नाव :

एप्रिलच्या शेवटी देवू गेला. दातिवऱ्याला बापाच्या होडीवर. जाताना म्हणाला, "आयने पापलेट विकाया बसवला मना, आनि कुजकं कुठलं, ताजं कुठलं ते कलेना. लोकांनी तोंडावर टाकलं. बापाने बोलावलंय. होडीवर नाक नाय लागत."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या कारखान्याचं शटडाऊन होतं. जुन्या सहा टाक्या, सगळी सोळा इंची तोंडं. भैया लोक उन्हाळ्याचे गावी गेलेले. उरले दोघं.

"दोनों कडे से निकलके दिखाना," रामकिसनने सांगितलं. "दोनों पास, तो छोटा अंदर. तू दोर पे, कमलेश. तेरा तो हो गया."

"म्हंजे मी आत?" प्रदीप म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. आतला माणूस म्हणजे आतला माणूस. पंखेवाल्याला कोण ओळखतो?

त्या दिवशी घरी निघताना कमलेशने त्याला फाटकापाशी थांबवलं.

"तू नको जाऊ आत."

"का?"

"नाक जातं. जीभ जाते."

"यंत्र हाय ना. मुखवटा हाय."

"मलापन होता."

प्रदीपने मोटरसायकलला टेकून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हसला, वाईट नाही, समजूतदार हसला. "दादा, कंबर उतरवली तुमी, दिसतंय मना. परत आत जायचंय तुमाला. तर सरल बोला ना, जागा सोडवत नाय म्हनून. नाक जातं, जीभ जाते... सपनाला घाबरवा असलं सांगून, मना नको."

ते खोटं आहे, असं कमलेशला म्हणवेना. प्रदीप गेल्यावर तो चालू लागला आणि एका गोष्टीचा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप लागला. त्याने स्वतः उतरून भागणार नव्हतं. दोघं पास झाले तर धाकटा आत. म्हणजे धाकट्याने अडकायला हवं.

गेल्या दोन महिन्यांत प्रदीप पट्टा एक भोक सैल लावू लागला होता. हे कमलेशने पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण आता त्याने ते पुन्हा पाहिलं.

जादा माहिती असल्यास :

यंदा ज्येष्ठ अधिक. धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारसे वाण द्यायचं. कमलेशचे आईवडील नव्हते, म्हणून मान त्याचा आणि मोनालीचा.

"एकदा बोलवू, तेहतीस देऊ, झालं," मोनाली म्हणाली.

"दर रविवारी बोलव."

"दर रविवारी?"

"महिना त्याचाच हाय."

मोनालीने तीन दिवस तांदूळ भिजवले, कुटले, गुळात पीठ मुरवलं. तिने तळायला घेतलं तेव्हा कमलेश चुलीसमोर बसला. खसखशीची बाजू वर, जाळी पडत होती. चार वाजले होते. मोनालीने पहिला अनारसा त्याच्या हातात दिला, तो तुटका होता, वाणाला चालला नसता.

"खा एक. मरत नाय."

अनारसा गरम होता. जाळी बोटांना कळत होती. तूप मनगटापर्यंत आलं. त्याने तो हातात धरला, निवेपर्यंत धरला, आणि परत ताटात ठेवला. मग मोरीत जाऊन काळ्या मंजनाने दात घासले. आरशात दात काळे, ओठ काळे.

रविवारी प्रदीप आणि सपना आले. पुरणाचे धोंडे, वर तूप, वर दूध.

"घ्या जावई," कमलेश म्हणाला.

"बस झालं, दादा."

"धोंड्याचा महिना हाय. नाय म्हनू नये."

"भावोजी, घ्या, तुमचा मान हाय," मोनालीने वाढलं. प्रदीपने घेतलं. जावयाने पानात वाढलेलं टाकायचं नसतं, आणि त्याला गोड आवडायला लागलं होतं. आधी इतकं आवडत नव्हतं, हे तो स्वतःच सांगत होता, हसत, चौथा अनारसा मोडत.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. कामावर गुळाचे दोन खडे होतेच. शिवाय आता कमलेश बोईसरहून जिलेबी बांधून आणायचा, शंभर ग्रॅम, आणि स्वतः हात न लावता समोर ठेवायचा.

तिसऱ्या रविवारी सपना मोरीपाशी आली. पोट पुढे आलेलं, एक हात कंबरेवर.

"दादा, माज्या नवऱ्याची पँट मी दोनदा सैल केली. पोट माजं वाढतंय का त्याचं, लोक विचारतात."

"बरं हाय ना. खातापिता दिसतो."

"तो आत जानार ना जूनमदी? त्या कड्यातून?"

कमलेश हात धूत राहिला.

"दादा."

"हं."

सपनाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तिला वास यायचा, सगळ्याचा, पाचव्यापासून. मग ती मागे वळून घरात ओरडली, "वैनी, यांना अजून दोन वाढ गं. लाजतायत."

पाहुणे गेल्यावर मोनाली ताटं गोळा करत म्हणाली, "बोकड पोसल्यासारखा पोसलात त्याला. त्याला कललं ना, तर परत पायरी चढनार नाय तो."

"दोर त्याच्याच हातात असनार," कमलेश म्हणाला.

मोनालीचा हात ताटावर थांबला. कमलेशला त्यात विशेष काही वाटलं नाही. तो फक्त क्रम सांगत होता.

तपासणी :

जून. मंगळवार. सकाळ. शेड.

आधी कमलेश. पाय. मांड्या. कंबर. पट्ट्याची बक्कल लोखंडाला घासली, खर्र आवाज झाला. हात वर. छाती. डोकं. खाली फरशी.

"वा रे बुड्ढे," रामकिसन म्हणाला.

मग प्रदीप. पाय. मांड्या. मांड्यांनाच थोडं लागलं. कंबर.

कंबर.

त्याने श्वास सोडला. अंग वळवून पाहिलं, उजवीकडून, डावीकडून. पट्टा काढला, ते चालत नाही, पण रामकिसनने चालवून घेतलं. तरी नाही. शर्ट वर गुंडाळला गेला आणि पोटाची वळी कड्यावर सांडली. हात वर करून प्रदीप तसाच उभा होता, चार महिन्यांपूर्वी कमलेश होता तसा. कुणी हसलं नाही, कारण शेडमध्ये तिघंच होते.

प्रदीपने हात वर ठेवूनच कमलेशकडे पाहिलं. मग आपल्या पोटाकडे. मग पुन्हा कमलेशकडे. त्याच्या चेहऱ्यावर गूळ, जिलेबी, अनारसे, सगळं एकामागून एक येऊन गेलं.

"दादा," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम?"

कमलेशने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला वर उपसला. जड होता.

आत जाण्याची वेळ : १०.२०

आत अंधार, वर सोळा इंचाचा उजेड. उजेडात प्रदीपचं डोकं. कमलेश खरवडत होता. खरपुडी पिवळी होती, पापुद्र्यांनी निघत होती. पंख्याची हवा मानेवर.

दोराला ओढ. एकदा. त्याने उलट ओढलं.

पुन्हा ओढ. उलट ओढलं.

मग बराच वेळ काही नाही. त्याने मनात आकडे मोजले. एकशे वीस झाले. दोनशे झाले. वर पाहिलं. उजेडात डोकं नव्हतं. नुसतं गोल पांढरं.

कमलेश खरवडत राहिला. घाबरायला हवं, हे त्याला माहीत होतं. तीनशे दहा. तीनशे अकरा. त्याला वाटलं, डोकं गेलंय म्हणजे प्रदीप कुठेतरी बाहेर उन्हात उभा आहे. नाक बाहेर आहे. हे बरं आहे.

चारशेला ओढ आली. एकदा नाही, जोरात, तीनदा, शिवी दिल्यासारखी. कमलेशने उलट ओढलं. एकदा. ठीक.

त्यानंतर ओढ चुकली नाही.

बाहेर येण्याची वेळ : ११.०५

प्रदीपने त्याला टाकीच्या तोंडातून वर घेतलं आणि पट्टा सोडला. रामकिसनने डबा उघडून दोघांच्या हातावर खडे ठेवले आणि तो दुसऱ्या टाकीकडे निघून गेला.

दोघं भिंतीच्या सावलीला बसले.

कमलेशने हातातल्या खड्याकडे पाहिलं. चार महिने. आज आत जाऊन आला होता, आज हक्काचा होता. त्याने तो तोंडात टाकला आणि वाट पाहिली.

खडा कडक होता. मग कडेने मऊ झाला. मग रवाळ. मग नुसता चिकट, मग घशातून खाली गेला. त्याने जीभ टाळूला लावली, गालांत फिरवली. काही नाही. लांबूनसुद्धा नाही. गोड कधी गेलं असेल? मार्चात ती नळी तरी गोड लागत होती. मग तीन महिने त्याने तिथं जाऊनच पाहिलं नव्हतं. चार वाजले की तो ज्याच्यासाठी दात घासत होता, ते कदाचित तेव्हाही तिथं नव्हतं.

"घ्या," प्रदीपने आपला खडा त्याच्यासमोर धरला. आवाज कोरडा. "मना नको. मी आजपासून गोड सोडलं. पुढच्या महिन्यात कडं हायच. तुमी खा, दादा. पोटभर खा."

कमलेशला ते कळलं. आता पाळी उलटी. त्याने खड्याकडे पाहिलं. अंगातून काही सरकत आलं नाही. हात मांडीवरच राहिले.

"नको," तो म्हणाला. "मला आता नाय लागत."

"खोटं."

"नाय लागत. बघ." आणि त्याने खरंच नुसतं पाहिलं, दगडाकडे पाहावं तसं.

प्रदीपचा हात तसाच पुढे राहिला. उकाड्याने गूळ बोटांवर पाझरू लागला. त्याने तो खाली ठेवायला जागा पाहिली, फरशीवर भुकटी होती. फेकायला हात उचलला, अन्न आहे. बोटांना लागलेलं त्याने पँटला पुसायचं म्हणून नेलं आणि चाटलं. मग थांबला. मग इकडे तिकडे पाहिलं, कमलेशकडे मात्र नाही, आणि खडा तोंडात टाकला.

त्याचा गाल फुगला. तो चघळू लागला, सावकाश, डोळे थोडे मिटून.

कमलेश बघत होता.

"कसा हाय?" त्याने विचारलं.

प्रदीपने खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"गोड हाय," तो म्हणाला. "जरा धुरकट. मातीचा वास येतो. आनि खाली आलं घातलंय कुनीतरी, थोडंसंच."

कमलेशने मान हलवली. पिवळा कागद गुडघ्यावर घेतला आणि 'वास' लिहिलं होतं तिथं, 'येतो'वर, खूण केली.